आम्ही आणि आपण: ब्लॅकफूट मुलखातले सहा दिवस

पहिला दिवस: कॅल्गरी ते फोर्ट मॅक्लाऊड

गाडी कॅनडातल्या कॅल्गरीच्या बाहेर पडते न पडते तोच मागच्या सीटवरून रोहननं विचारलं, "आजी, आम्ही कधी पोचणार?"

"अरे, मीही गाडीतच आहे ना? मग 'आपण' म्हणायचं. मी घरी राहिले असते तर 'आम्ही'."

नऊ वर्षांचा नातू. मराठी बोलतो, पण इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे त्याची गल्लत होते. मी साताऱ्याला शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे अशी चूक कानाला लगेच टोचते. या छोट्याशा दुरुस्तीची आठवण पुढे सहा दिवस पुनःपुन्हा निघेल, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

लेक मुक्ता इथं आठ वर्षं राहते. मागच्या भेटीत बर्फाचे डोंगर आणि निळी तळी पाहून झाली होती. या वेळी मी तिला म्हटलं, "ही जमीन ज्यांची, त्यांच्याकडे घेऊन चल." कॅल्गरीला इथल्या मूळ रहिवाशांच्या, ब्लॅकफूट लोकांच्या, भाषेत मोह्किन्स्त्सिस म्हणतात, म्हणजे कोपर. दोन नद्या मिळतात तिथं नदीला हाताच्या कोपरासारखं वळण आहे, त्यावरून. शहर वसण्याच्या कितीतरी आधीचं हे नाव.

पहिला मुक्काम म्हणजे ओकोटोक्सजवळचा मोठा खडक. सपाट शेतांच्या मधोमध, आसपास टेकडीसुद्धा नाही, आणि तिथं दुमजली घराएवढा एक दुभंगलेला दगड. वजन सुमारे 16,500 टन. हिमयुगातल्या हिमनदीनं तो उत्तरेकडच्या जॅस्परच्या डोंगरांतून वाहून आणून इथं टाकला, असं भूशास्त्र सांगतं. ब्लॅकफूट भाषेतल्या 'दगड' या शब्दावरूनच गावाला ओकोटोक्स नाव पडलं.

त्यांची गोष्ट अशी. नापी, म्हणजे 'म्हातारा', हा या लोकांचा आदिपुरुष. जग घडवणारा, आणि खोड्याही करणारा. उन्हात चालून दमला म्हणून या दगडावर बसला, आणि आभार म्हणून अंगावरची कातड्याची शाल त्याला दिली. पुढे पाऊस आला, थंडी वाजली, तशी नापीनं दिलेली शाल परत हिसकावून घेतली. दगड चिडला आणि गडगडत त्याच्या पाठी लागला. नापीनं जनावरांना हाका मारल्या. शेवटी वटवाघळांनी दगडावर झेपा घेतल्या, तेव्हा तो दुभंगला. वटवाघळांची नाकं चपटी राहिली ती तेव्हापासून.

रोहनला ती पाठलागाची मजा वाटली. मला मात्र गोष्टीचं मूळ जास्त धरून राहिलं: दिलेली वस्तू परत घेऊ नये. दगडाला दिली असली तरी. शेवटच्या दिवशी कराराच्या जागेवर उभी होते, तेव्हा हीच गोष्ट आठवली.

संध्याकाळी फोर्ट मॅक्लाऊड. गावाजवळून वाहते ती ओल्डमन नदी, म्हणजे नापीचीच. वारा इतका की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. क्षितिजावर पवनचक्क्या फिरत होत्या. क्षणभर चाळकेवाडीच्या पठारावर आल्यासारखं झालं.

दुसरा दिवस: कड्यावर

गावापासून अठरा किलोमीटरवर तो कडा आहे. नाव एस्तिपाह-स्किकिकिनी-कोत्स, 'जिथं आमची डोकी फुटली'. एक तरुण शिकार पाहायला कड्याखाली दडून बसला. वरून जनावरं इतकी कोसळली की त्यांच्या ढिगानं तो कड्याशी चिरडला गेला. 1981 मध्ये ही जागा जागतिक वारसा झाली. डोंगराच्या पोटात पायऱ्यापायऱ्यांनी बसवलेलं संग्रहालय 1987चं. लांबून नजर टाकली तर इमारत असल्याचं कळतही नाही.

आमची मार्गदर्शक पिकानी होती. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असावी. "ओकि" म्हणून तिनं स्वागत केलं. आधी तिनं नावांचा घोळ सोडवला, तोही इथंच सांगते. ब्लॅकफूट हे बाहेरून दिलेलं नाव. हे लोक स्वतःला नीत्सितापी म्हणतात, म्हणजे खरी माणसं. त्यांत तीन शाखा: सिक्सिका, काइनाइ आणि पिकानी. सिक्सिका म्हणजे काळे पाय. वणवा लागून गेलेल्या गवताळ रानातून चालून त्यांची मोकॅसिनं, म्हणजे चामड्याची पादत्राणं, काळी झाली होती, असं सांगतात. काइनाइ म्हणजे अनेक सरदारांचे लोक. पिकानींचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले, कारण मधून कॅनडा-अमेरिकेची सीमा गेली. दक्षिणेकडचे मोंटानात राहतात, तिथं त्यांना ब्लॅकफीट म्हणतात. भाषा एक, सोयरीक एक. उत्तर सस्कॅचवान नदीपासून यलोस्टोन नदीपर्यंतचा मुलूख त्यांचा होता.

मग ती आम्हाला कड्याच्या माथ्यावर घेऊन गेली.

आता कडा जेमतेम दहा मीटर उंच दिसतो. पूर्वी तो बराच खोल होता. पायथ्याशी हाडं, माती आणि दगड साठत गेले. हा थर दहा मीटरहून जाड आहे. जवळजवळ 6000 वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या, इथं बायसनची शिकार झाली. बायसन म्हणजे आपल्या राधानगरीच्या गव्याचा लांबचा भाऊबंद, त्यांच्या भाषेत ईनी.

कडा असला म्हणजे जनावर आपोआप पडत नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर उमगलं. पश्चिमेला टेकड्यांनी वेढलेलं मोठं चराऊ रान आहे. तिथून कड्यापर्यंत दगडांच्या छोट्या ढिगांच्या रांगा. असे शेकडो ढीग, एकेक गुडघ्याएवढाही नाही. त्यांत फांद्या खोचायच्या. वाऱ्यानं फांद्या हलल्या की कळपाला दोन्ही बाजूंनी काहीतरी हलतंय असा भास होतो आणि तो मधल्या वाटेनं पुढे सरकतो. पण कळप आधी रानातून हलवायचा कसा? तरुण धावपटू अंगावर कातडी पांघरून कळपाजवळ जात. कुणी लांडगा होऊन मागे घुटमळे, कुणी हरवलेल्या वासराचा आवाज काढत पुढे जाई. कळपाची म्होरकी मादी असते. वासराच्या हाकेला ती येणारच, आणि तिच्यामागून सगळे. दिवसेंदिवस हे असं हळूहळू चाले. वाऱ्याची दिशा बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या टप्प्यात ढिगांआड लपलेली माणसं एकदम उठून आरडाओरडा करत. कळप उधळे. कडा दिसेपर्यंत पुढच्यांना थांबायला जागा नसे, आणि मागच्यांना पुढचं दिसत नसे.

घोडा नव्हता, बंदूक नव्हती. होतं ते जनावराचं मन ओळखणं.

"आणि एवढ्या मांसाचं करायचं काय?" मुक्तानं विचारलं.

मार्गदर्शकानं बोटांवर मोजत सांगितलं. पायथ्याजवळच्या सपाटीवर तळ पडायचा. खड्ड्यांत कातडं अंथरून पाणी भरायचं, तापवून लाल केलेले दगड त्यात टाकून पाणी उकळायचं, हाडांतली चरबी काढायची. मांसाच्या पातळ पट्ट्या वाळवायच्या, कुटायच्या, चरबी आणि सॅस्कटून नावाची जांभळी बोरं मिसळून पेमिकन करायचं. ते चामड्याच्या पिशव्यांत महिनोन्‌महिने टिकतं. कातडी तंबूंना, शिंगांचे चमचे, हाडांची हत्यारं. तळ उठला की सगळं सामान दोन काठ्यांच्या घसरगाड्यांवर बांधायचं आणि त्या ओढायला कुत्री.

"म्हणून घोडा आला तेव्हा," ती म्हणाली, "आमच्या माणसांनी त्याला पोनोकाओमिता नाव दिलं. पोनोका म्हणजे एल्क हरीण, इमिता म्हणजे कुत्रा." हरणाएवढा आणि कुत्र्यासारखं ओझं ओढणारा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात घोडे या रानात पोचले आणि दोन पिढ्यांत जगणं बदललं, ते सगळं त्या एका शब्दात आहे. मराठीचा तास असता तर फळ्यावर लिहिला असता.

रोहन कड्याच्या कठड्याला टेकून उभा होता. त्याला त्या वासराच्या खोट्या हाकेचं वाईट वाटलं होतं. मार्गदर्शकाच्या ते लक्षात आलं. ती त्याच्याशेजारी बसली आणि म्हणाली, बायसन मारण्याआधी आणि नंतर आम्ही त्याची प्रार्थना करतो, तो देतो म्हणून आम्ही जगतो. तिनं वर्तमानकाळ वापरला, हे मी टिपून ठेवलं.

तिसरा दिवस: काइनाइंचा प्रदेश आणि कोरलेले दगड

फोर्ट मॅक्लाऊडच्या दक्षिणेला काइनाइंची राखीव जमीन सुरू होते. क्षेत्रफळानं कॅनडातली सर्वांत मोठी. विरळ घरं, घोडे, मोकळं गवत. स्टँड ऑफ नावाच्या गावात चहासाठी थांबलो. दुकानात माझ्याच वयाची एक बाई भेटली. मी साडी नेसले होते, त्यावरून तिनं बोलायला सुरुवात केली. नंतर रोहनकडे पाहून विचारलं, "हा तुमची भाषा बोलतो?"

"बोलतो. चुका करतो, पण बोलतो."

ती म्हणाली, "माझी आजी बोलायची ते मला कळतं. आजही सगळं कळतं. तोंडातून उत्तर येत नाही."

एवढंच बोलून ती तिच्या सामानाकडे वळली. तिनं कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इथं ते विचारावं लागत नाही. काइनाइ मुलांसाठी चर्चनी आणि सरकारनं चालवलेल्या निवासी शाळा होत्या. घरातून मुलं नेत. केस कापत, नाव बदलत, आपली भाषा बोलली तर शिक्षा करत. देशातली शेवटची सरकारी निवासी शाळा 1996 मध्ये बंद झाली, म्हणजे मुक्ता साताऱ्यात बालवाडीत होती तेव्हा. 11 जून 2008 रोजी पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. काइनाइंनी सेंट मेरी या जुन्या निवासी शाळेच्या इमारतीत स्वतःचं रेड क्रो कॉलेज चालवलं होतं. ज्या भिंतींआड भाषा बंद केली त्याच भिंतींत ती शिकवायची, हे किती मोठ्या मनाचं काम! 2015 च्या ऑगस्टमध्ये ती इमारत जळाली. कॉलेज थांबलं नाही.

परदेशातल्या मराठी घरांतून मुलांची भाषा पातळ होते, ती सोयीपोटी, वेळ नाही म्हणून, शाळा इंग्रजी म्हणून. त्याची हळहळ मी कायम करते. पण त्या बाईच्या वाक्यापुढे ती हळहळ ठेवायची नाही, एवढं मी स्वतःला बजावलं. आमच्याकडून कुणी काढून घेतलेली नाही.

याच काइनाइंमधले जेम्स ग्लॅडस्टोन 1958 मध्ये कॅनडाच्या सिनेटमध्ये बसले, आदिवासी समाजातून आलेले पहिले सिनेटर. त्यांच्या लोकांना आपला कायदेशीर दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क 1960 मध्ये मिळाला. तारखांचा क्रम पुन्हा वाचावा.

लेथब्रिज शहर ओलांडताना नदीच्या खोऱ्यावरचा 1909 चा तो प्रचंड लोखंडी पूल पाहिला. इथल्या विद्यापीठात ब्लॅकफूट भाषा शिकवली जाते. डोनाल्ड फ्रांट्झ आणि नॉर्मा जीन रसेल यांनी केलेला कोश 1989 मध्ये निघाला. मुक्तानं मला फ्रांट्झ यांचं व्याकरण वाचनालयातून आधीच आणून दिलं होतं, आणि मी ते महिनाभर उशाशी ठेवून वाचलं होतं. गाडीत दोघांना त्यातलं सांगत होते.

या भाषेत र नाही, ल नाही, ब-ग-ड नाहीत. शब्दाच्या शेवटचा स्वर पुष्कळदा नुसत्या श्वासात विरतो, ओठ हलतात पण आवाज येत नाही. आपल्या तीन लिंगांऐवजी त्यांच्याकडे सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग. सूर्य, चंद्र, तारे सजीवांत मोजतात. नुसतं 'आई' म्हणता येत नाही. आई कुणाची तरीच असते. निक्सीस्ता म्हणजे माझी आई, किक्सीस्ता तुझी आई. 'नि' लागला की माझं, 'कि' लागला की तुझं.

आणि मग ते पान. ब्लॅकफूटमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. अगदी मराठीसारखे. ऐकणारा बाहेर असेल तर एक, ऐकणारा धरून असेल तर दुसरा. गंमत अशी की 'आम्ही'चा शब्द 'मी'च्या 'नि'नं सुरू होतो आणि 'आपण'चा 'तू'च्या 'कि'नं. म्हणजे 'आपण' म्हणताना आधी समोरचा, मग मी.

"मग त्यांना माझी मिस्टेक कळली असती," रोहन म्हणाला.

"लगेच," मी म्हटलं.

दुपारी मिल्क नदीच्या खोऱ्यात उतरलो. ही नदी जगावेगळी आहे. या भागातल्या बाकी नद्यांचं पाणी हडसनच्या उपसागराला जातं, हिचं मिसूरी आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला. वरून सपाट माळ दिसतो आणि अचानक जमीन फाटून खाली वाळूच्या दगडाचे सुळके, छत्र्या, मनोरे. दक्षिणेला मोंटानातल्या स्वीटग्रास टेकड्या निळ्या. जागेचं नाव आइसिनाइ'पि, म्हणजे जिथं चित्र आहे, लिहिलेलं आहे. 2019 मध्ये ती याच नावानं जागतिक वारसा यादीत गेली, याचा मला फार आनंद वाटतो.

मार्गदर्शकाबरोबर बंद भागात गेलो. खडकांवर कोरलेल्या आणि लाल गेरूनं रंगवलेल्या आकृत्या. त्यांचा काळ ओळखायची एक खूण तिनं दिली. योद्ध्याची ढाल डोक्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं अंग झाकत असेल तर ते चित्र घोड्याच्या आधीचं. पायी लढायचं तर मोठी ढाल हवी. घोडा आला तशी ढाल लहान झाली. पुढे बंदुका दिसतात. एका भिंतीवर अख्खी लढाई आहे: तंबूंचं वर्तुळ, चालून येणारे लोक, घोडे, अडीचशेच्या आसपास आकृत्या. मी ती भिंत शेजारच्या दगडावर बसून बराच वेळ पाहिली. हात ठेवावासा वाटला, अर्थात ठेवला नाही. दगड इतका मऊ आहे की नखानं ओरखडा उठेल.

आणखी एका ठिकाणी मोटारगाड्या कोरल्या आहेत. 1924 मध्ये बर्ड रॅटल नावाचे पिकानी वृद्ध मोटारीनं इथं आले आणि तो प्रवास त्यांनी पूर्वजांच्या पद्धतीनं दगडावर नोंदवला. म्हणजे ही वही 1924 मध्येही उघडीच होती.

रात्री तिथल्याच तळावर तंबू. अंधार असा की आकाशगंगा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग. ब्लॅकफूट तिला लांडग्यांची वाट म्हणतात. माणसांना मिळून शिकार करायला लांडग्यांनीच शिकवलं, म्हणून. काल कड्यावर लांडग्याचं कातडं पांघरलेला धावपटू ऐकला होता, तो इथं वर दिसला. सप्तर्षी त्यांच्याकडेही सात भाऊच आहेत. टिपी म्हणजे त्यांचा शंकूच्या आकाराचा तंबू. त्याच्या धुराच्या दोन झापांपैकी एकीवर सप्तर्षींचे ठिपके रंगवतात, दुसरीवर कृत्तिकांचे. कृत्तिका म्हणजे गरीब घरची मुलं. वसंतात सगळ्या मुलांना वासरांच्या पिवळ्या कातड्याची पांघरुणं मिळाली, यांना मिळाली नाहीत, म्हणून ती आकाशात निघून गेली. वासरं जन्मतात त्या दिवसांत कृत्तिका दिसत नाहीत, त्याचं हे कारण. रोहननं विचारलं, त्यांना कुणी बोलावलं का परत? मला उत्तर माहीत नव्हतं. त्याला जवळ घेऊन पांघरूण नीट केलं.

चौथा दिवस: सीमेपलीकडे

कूट्सला सीमा ओलांडली. एके काळी या लोकांनी हिला 'मेडिसिन लाइन' म्हटलं, कारण या न दिसणाऱ्या रेषेपाशी अमेरिकन घोडदळ जादू झाल्यासारखं थांबे. आम्हाला पाऊण तास लागला.

शेल्बीच्या दक्षिणेला मरायस नदी आहे. पिकानी तिला अस्वलांची नदी म्हणतात. 23 जानेवारी 1870. कडाक्याची थंडी, नदीकाठच्या पिकानी तळावर देवीची साथ, धडधाकट पुरुष शिकारीला गेलेले. मेजर यूजीन बेकर यांच्या अमेरिकन सैन्यानं पहाटे वरच्या कड्यावरून तळाला वेढा घातला. ज्यांना पकडायचं होतं त्यांचा तळ हा नव्हता. बरोबरचा वाटाड्या जो किप ओरडून सांगत होता की हा सरदार हेवी रनर यांचा तळ आहे. त्याला गप्प केलं. हेवी रनर सरकारनंच दिलेला अभयाचा कागद हातात धरून पुढे आले आणि गोळी लागून पडले. सैन्याच्या नोंदीत मेलेल्यांचा आकडा 173. किपनं 217 मोजले. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. कुणालाही शिक्षा झाली नाही.

ब्राउनिंगच्या ब्लॅकफीट कॉलेजची मुलं दर 23 जानेवारीला या जागी जमतात. आम्ही जुलैत होतो, नदीकाठी गवत उंच होतं. रोहनला मी थोडंच सांगितलं. बाकीचं तो मोठा झाला की मुक्ता सांगेल.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

पाचवा दिवस: ब्राउनिंग आणि सरदार पर्वत

ब्राउनिंग हे ब्लॅकफीट लोकांचं गरीब गाव आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बायसन संपल्यावर 1883-84 च्या हिवाळ्यात इथं जवळपास 600 माणसं भुकेनं गेली. शिधा द्यायचं सरकारनं कबूल केलं होतं, तो पुरला नाही. 1895 मध्ये भुकेच्या त्याच छायेत डोंगराचा पट्टा 15 लाख डॉलरना सरकारकडे गेला, आणि 1910 मध्ये त्याचं ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झालं.

मला इथं एक शाळा पाहायची होती. डॅरेल रोब्स किप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये पीगन इन्स्टिट्यूट काढली आणि पुढे मुलांसाठी कट्स वुड शाळा, जिथं सगळं शिक्षण ब्लॅकफूटमधूनच. कुणाची परवानगी मागत बसू नका, आधी मुलांशी बोलायला लागा, अशी त्यांची रीत होती. सुट्टी असल्यानं शाळा बंद होती. बाहेरूनच पाहिली. साधी, उजेडाची इमारत. मी चपला काढून फाटकाशी उभी राहिले. मुक्ता काही बोलली नाही. तिला आईची सवय माहीत आहे.

याच मातीतल्या दोन बायका जगाला माहीत आहेत. एलुईज कोबेल, बँक चालवणारी बाई. जमिनीच्या भाडेपट्ट्यांचे पैसे सरकारनं आदिवासींच्या नावावर ठेवले आणि हिशेब दिला नाही, म्हणून 1996 मध्ये तिनं सरकारवर दावा लावला. तेरा वर्षं लढली. 3.4 अब्ज डॉलरची तडजोड झाली. पैसे वाटले जाण्याआधी, 2011 मध्ये, ती गेली. दुसरी लिली ग्लॅडस्टोन. याच वस्तीवर वाढलेली अभिनेत्री. 2024 च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब घ्यायला व्यासपीठावर आली आणि पहिली वाक्यं ब्लॅकफूटमध्ये बोलली. मुक्तानं तो क्षण मला फोनवर दाखवला होता. शब्द कळले नव्हते. आता एकदोन कळले असते.

परतीचा रस्ता निनाइस्ताको, म्हणजे सरदार पर्वत, याच्या पायथ्यावरून जातो. रांगेपासून सुटा उभा, माथा चौकोनी, कुठूनही ओळखू येणारा. तरुण मुलं स्वप्नदृष्टान्तासाठी अजून इथं उपास करतात. कापडाच्या अर्पणपट्ट्या झाडांना बांधलेल्या दिसतात, त्यांना हात लावायचा नसतो. 2014 मध्ये दोन्ही देशांतल्या जमातींनी बायसन परत आणण्याचा आपसांत करार केला. 2023 च्या जूनमध्ये याच डोंगराजवळ बायसनचा कळप मोकळा सोडला. कुंपण नाही, वाटेल तिकडे जावं.

आम्हाला कळप दिसला नाही. रोहन सीमा येईपर्यंत खिडकीला नाक लावून बसला होता.

सहावा दिवस: सोयोपोवाह्को

कॅल्गरीला रात्र काढून पूर्वेला तासाभरावर सिक्सिकांच्या जमिनीत, बो नदीच्या उताराशी. ब्लॅकफूट क्रॉसिंग, त्यांच्या भाषेत सोयोपोवाह्को. 22 सप्टेंबर 1877 रोजी इथं सातवा करार झाला. सिक्सिकांचे सरदार क्रोफूट, काइनाइंचे रेड क्रो, पिकानी, आणि शेजारचे त्सूत'इना व स्टोनी नाकोडा एका बाजूला. ब्रिटनच्या राणीच्या वतीनं डेव्हिड लेर्ड आणि पोलिसांचे मॅक्लाऊड दुसऱ्या बाजूला.

तेव्हा या लोकांच्या मागे काय होतं, ते लक्षात घ्यायला हवं. 1837 च्या आणि 1869-70 च्या देवीच्या साथी. दारू विकणारे अमेरिकन व्यापारी. विरळ होत चाललेला बायसन. पोलिसांनी 1874 मध्ये येऊन दारूचे अड्डे उठवले होते, त्यामुळे त्यांच्यावर विश्वास बसला होता.

माणशी पहिल्या वर्षी 12 डॉलर, नंतर दर वर्षी 5. पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल जमीन. ते पाच डॉलर आजही दर वर्षी दिले जातात, तेवढेच, पाच.

संग्रहालयात मी कराराचा मजकूर वाचत होते. रोहन शेजारी येऊन उभा राहिला. सहा दिवस माझ्या व्याकरणाखाली काढल्यावर त्यानं विचारलं ते असं: "आजी, यात 'वी' कुठे आहे? आम्ही की आपण?"

मी पुन्हा पाहिलं. जमातींसाठी कागदात दोन्ही नाहीत. मजकूर त्यांना 'ते' म्हणतो. ते आपले सगळे हक्क सोडतात, देतात, स्वाधीन करतात, कायमचे. आणि वृद्धांकडून चालत आलेली आठवण सांगते की तो शांततेचा करार होता, जमीन दोघांनी मिळून वापरायची होती. जमीन 'स्वाधीन' करण्याचं बोलणं त्यांच्या कानी पडलंच नव्हतं. दुभाषे अपुरे होते, आणि त्या कायद्याच्या शब्दांना ब्लॅकफूटमध्ये जोड नव्हता. एका बाजूनं 'आपण' ऐकलं, दुसरीनं 'ते' लिहून घेतलं.

"कुठेच नाही रे," मी म्हटलं. तो कागदाकडे पाहत राहिला.

दोन वर्षांत बायसन संपला. 1910 मध्ये राखीव जमिनीचाही मोठा तुकडा काढून घेतला गेला. त्याची भरपाई म्हणून 1.3 अब्ज डॉलरचा समझोता व्हायला 2022 साल उजाडलं.

त्याच वर्षी मे महिन्यात क्रोफूटचा पोशाख इथं परत आला. चामड्याचा सदरा, पायांवरची चामडी आवरणं, पिसांच्या जुडीसह सुरी, मण्यांच्या पिशव्या, घोड्याचा चाबूक. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संग्रहालयात शंभराहून अधिक वर्षं होता. जमातीची माणसं स्वतः जाऊन घेऊन आली. याआधी 2000 मध्ये कॅल्गरीच्या ग्लेनबो संग्रहालयानं 251 पवित्र वस्तू ब्लॅकफूट लोकांना परत दिल्या. त्यातल्या गाठोड्यांचे विधी पुन्हा सुरू झाले. वस्तू काचेआडून निघून माणसांच्या हाती गेल्या. 2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं आमच्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा मी रांगेत उभी होते आणि डोळे भरून आले होते. ती तीन वर्षांसाठी उसनी आली आहेत. क्रोफूटचा सदरा कायमचा घरी आला. या सदऱ्यासमोर उभी राहून मला मनापासून बरं वाटलं, आणि थोडा हेवाही.

क्रोफूट 25 एप्रिल 1890 रोजी गेले. त्यांचं थडगं नदीच्या वरच्या कड्यावर आहे. तिथून खाली बो नदीचं रुंद पात्र, कॉटनवुडची झाडं आणि तो उतार दिसतो जिथं तंबू पडले होते. वारा होताच. एका दगडावर कुणीतरी तंबाखूची चिमूट ठेवली होती.

निघताना दारावरच्या बाईंनी हात हलवला. निरोपाचा, कायमचा शब्द त्यांच्या भाषेत नाही. "कितातमा'सिनो," त्या म्हणाल्या, पुन्हा भेटेन तुला. शब्दाच्या सुरुवातीला 'कि' होता. रोहनलाही तो ऐकू आला, कारण त्यानं माझा हात ओढला.

गाडीत बसल्यावर तो बराच वेळ गप्प होता. हायवेला लागल्यावर म्हणाला, "आजी, पुढच्या वर्षी बायसन बघायला आपण येऊ या?"

मुक्तानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पाण्याची बाटली दिली.